आधी आवाज, मग दार

“उद्या सकाळी आपली लिफ्ट अशी उठेल, जशी शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहतात! एकामागोमाग एक, ओळीत! हूं नाही की चूं नाही!”

हातातला घास हातातच ठेवून जावईबापूंनी ही घोषणा केली आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या सासऱ्यांकडे हळूच पाहिलं. सासरे मिठाकडे पाहत होते.

सगळी इमारत त्यांना जावईबापू म्हणायची. तळमजल्यावरचा शिंपी म्हणायचा, दाराशी बसणारा वॉचमन म्हणायचा, ज्यांना स्वतःच्या जावयाचं तोंड बघवत नसे तेसुद्धा यांना कौतुकानं जावईबापू म्हणायचे. म्हणत नव्हते ते एकटे सासरे. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्यांना समोरासमोर कसलीच हाक मारलेली नव्हती. काही सांगायचं असलं की ते मुलीकडे तोंड करून म्हणायचे, “तुझ्या त्याला सांग, पंखा बंद कर.” आणि ‘तुझा तो’ नेमका पंख्याखालीच बसलेला असायचा!

तेव्हा जावईबापूंना या लिफ्टमधून काय मिळवायचं होतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. एक हाक. बस्स.

सासरे इमारतीचे अध्यक्ष होते. जुनी लिफ्ट कुरकुर करून करून शेवटी गप्पच बसली, तेव्हा सासऱ्यांनी भर सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, की नवी लिफ्ट आणीन तर जावयाच्या कंपनीची आणीन आणि ती बंद पडली तर या खुर्चीवर बसणार नाही! आता उद्या सकाळी लिफ्टचं उद्घाटन आणि त्याला लागूनच नव्या अध्यक्षाची निवडणूक. समोर उभे होते पाचव्या मजल्यावरचे वकीलसाहेब. ते इमारतीचे चिटणीस होते आणि सासऱ्यांचं आणि त्यांचं कधी एका वाक्यावर एकमत झालेलं कुणी ऐकलं नव्हतं. ‘आज उकडतंय’ असं सासरे म्हणाले, तर वकीलसाहेब स्वेटर घालून खाली यायचे!

“पण लिफ्ट उठते म्हणजे काय हो?” सासूबाईंनी विचारलं. “ती काय झोपते?”

जावईबापूंना हेच हवं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“आई, लिफ्टच्या डोक्यात एक लहानसा संगणक असतो. त्याच्या पोटात कर्नेल नावाचा मुकादम बसलेला असतो. वीज आली, की हा मुकादम सगळ्यांना उठवत सुटतो. दार, मोटार, ब्रेक, दिवा, पंखा. प्रत्येकाचा एकेक ड्रायव्हर असतो.”

“अगंबाई, एवढ्याशा लिफ्टमध्ये इतके ड्रायव्हर बसणार कुठे?”

“तसले नव्हेत, आई! ड्रायव्हर म्हणजे त्या त्या वस्तूच्या खोडी ठाऊक असलेला प्रोग्राम. माझं काम तेच लिहायचं. तर मुकादम ब्रेकला म्हणतो, ऊठ. ब्रेक म्हणतो, मोटार उठली का? नाही? मग मी नाही उठत. मुकादम भांडत बसत नाही. म्हणतो, बरं बाबा, रांगेत मागे जा. रांग संपली की परत पहिल्यापासून विचारतो.”

“आणि तरी कुणी उठलं नाही तर?”

“तर परत विचारतो.”

“म्हणजे आपल्या घरासारखंच की,” सासूबाई म्हणाल्या. “आंघोळीला टॉवेल हवा, टॉवेल गॅलरीत, गॅलरीचं दार अडकलेलं, आणि दाराला धक्का द्यायचा तर यांना आधी आंघोळ करायची असते. फरक एवढाच, की इथे मुकादम मी आहे आणि मला पगार नाही!”

सासऱ्यांनी मीठ खाली ठेवलं.

“तुझ्या त्याला विचार,” ते मुलीला म्हणाले, “उद्या माझा आवाज नीट येईल ना.”

हा आवाजाचा प्रकार जरा सांगायला हवा. लिफ्टचं सगळं काम झाल्यावर सासऱ्यांच्या डोक्यात आलं, की लिफ्टनं बोललं पाहिजे. आणि बोललं पाहिजे म्हणजे त्यांच्याच आवाजात! ‘रहिवासी बंधुभगिनींनो, आपल्या लिफ्टमध्ये अध्यक्षांकडून आपलं मनःपूर्वक स्वागत असो.’ तेसुद्धा दार उघडायच्या आधी. माणूस दाराशी उभा आहे, त्याच्या कानावर अध्यक्षांचा आवाज पडला आहे आणि मग दार बाजूला होत आहे, असं दृश्य त्यांनी मनात रंगवलं होतं.

“बाबा, आवाजाचा आणि दाराचा एकमेकांशी काही संबंध नाही,” जावईबापू तेव्हा म्हणाले होते.

“नसेल तर जोड म्हणावं!” सासरे मुलीला म्हणाले. “आधी आवाज, मग दार!”

म्हणून जावईबापूंनी संबंध जोडला. एक ओळ लिहिली. दाराच्या ड्रायव्हरनं आवाजाच्या डब्याकडे, म्हणजे स्पीकरकडे, बघायचं. तो उठलेला असला तरच स्वतः उठायचं. एका ओळीचं ते काय काम!

आवाज भरून घेणं मात्र महाकठीण गेलं. बाहेरचा गोंगाट नको म्हणून जावईबापूंनी सासऱ्यांना कपड्यांच्या कपाटापाशी उभं केलं, डोक्यावरून एक पांघरूण टाकलं आणि हातात माइक दिला. पांघरुणातून आवाज येऊ लागला. “रहिवासी बंधुभगिनींनो, आपल्या लिफ्टकडून अध्यक्षांमध्ये... च्! माफ करा, चुकलं माझं. परत.” मग पुन्हा, “रहिवासी भगिनीबंधूंनो... माफ करा, चुकलं माझं!”

सासूबाई दारात धुतलेले कपडे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातातून एक चादर खाली पडली.

“काय म्हणाले हे?” त्या मुलीच्या कानात कुजबुजल्या.

“चुकलं माझं म्हणाले.”

“कुणाला?”

“माइकला.”

“माइकला!” सासूबाईंनी चादर उचलली, झटकली आणि पुन्हा झटकली. “माझं लग्न झाल्यापासून हे एकदासुद्धा चुकलेले नाहीत! भर रस्त्यात मला विसरून घरी आले, तेव्हासुद्धा माझीच चूक होती! आणि त्या काळ्या दांडक्याला माफ करा म्हणतात!”

असो. आवाज भरून झाला. जावईबापूंनी ऑफिसात आपल्या टेबलावर लिफ्टचा संगणक, एक छोटं दार आणि आवाजाचा डबा मांडून सगळं तपासलं. झकास! मग इमारतीत आणून चालू लिफ्टमध्ये नवा ड्रायव्हर चढवला. लगेच बोलली! आधी आवाज, मग दार. सासरे चक्क हसले. अर्थात मुलीकडे बघून.

जेवण संपता संपता ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. या मॅडम जावईबापूंच्या वरिष्ठ. जगात कुठलंही यंत्र चालत असेल, तर त्यांना आधी संशय येतो.

“मेन स्विच बंद करून परत चालू करून पाहिलंत?”

“मॅडम, चालू लिफ्टमध्ये घातला आणि लगेच बोलली!”

“मी विचारलं ते नाही सांगितलंत.”

“उद्या उद्घाटनात होईलच की, मॅडम.”

पलीकडून खटकन फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी इमारत तळमजल्यावर जमली. इस्त्रीचे कपडे, विंचरलेले केस, खुर्च्यांच्या रांगा. सासऱ्यांनी ठेवणीतला कोट घातला होता. लिफ्ट तर कालपासूनच चालू होती, मग उद्घाटन कशाचं करायचं, हा प्रश्न त्यांनी आपला आपणच सोडवला होता. मीटरच्या पाटीवरचा लिफ्टचा मेन स्विच आधी बंद करायचा, दोन शब्द बोलायचे आणि टाळ्यांच्या गजरात तो परत चालू करायचा!

“वकीलसाहेब दिसत नाहीत,” शिंपी म्हणाला.

“हरण्याआधी तोंड लपवून बसले असतील!” असं म्हणून सासऱ्यांनी खटका खाली ओढला, चांगलं लांबलचक भाषण केलं आणि खटका वर ढकलला. टाळ्या पडल्या. मग सगळे कान टवकारून उभे राहिले.

काहीच झालं नाही.

मग जिन्याच्या पोकळीतून, वरून कुठून तरी, घुमल्यासारखा आवाज आला. “अरे, कोण आहे रे तिकडे!”

“बोलली! बोलली!” शिंप्यानं उडी मारली. पुन्हा टाळ्या!

“अंधार केलाय मेल्यांनी! कोण आहे?”

टाळ्या विरळ झाल्या. “जावईबापू, लिफ्ट जरा उर्मट नाही का वाटत?” कुणीतरी म्हणालं.

सासऱ्यांचा चेहरा पिकलेल्या मिरचीसारखा झाला. “हा आवाज त्या वकिलाचा आहे!” ते मुलीवर गरजले. “तुझ्या त्यानं माझा आवाज काढून त्याचा घातला! फितूर! माझ्या घरात बसून, माझ्या ताटात जेवून!”

“बाबा, मी नाही हो घातला! मी कशाला...” आणि जावईबापूंच्या डोक्यात प्रकाश पडला. लिफ्ट कधी ‘कोण आहे’ म्हणून विचारते का? ते दोन दोन पायऱ्या चढत धावले. मागून सासूबाई, मागून बायको, मागून सगळी इमारत.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट अगदी जागच्या जागी, जमिनीला जमीन लावून उभी होती. दार बंद. दाराला काचेची उभी पट्टी होती, तिच्यामागे बॅटरीवरचा छोटा दिवा मिणमिणत होता, आणि त्या उजेडात वकीलसाहेबांचं अर्धं तोंड दिसत होतं. एक डोळा, अर्धी मिशी आणि हातात गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ!

“तुम्ही आत काय करताय?” जावईबापू ओरडले.

“तपासणी!” अर्धी मिशी थरथरली. “लिफ्ट प्रत्येक मजल्यावर समतल थांबते का, हे बघणं चिटणिसाचं कर्तव्य आहे! तेवढ्यात दिवे गेले. हा घातपात आहे! मी कोर्टात जाईन!”

“जा की! आधी बाहेर तर या!” सासरे मागून धापा टाकत म्हणाले. एरवी वकिलांना डबीत कोंडलेलं बघून त्यांनी इमारतभर पेढे... निदान बिस्किटं तरी वाटली असती! पण डबी त्यांच्याच जावयाची होती. लोक एकमेकांकडे बघू लागले होते. मागून कुणीतरी म्हणालं, “लिफ्ट बंद पडली तर खुर्चीवर बसणार नाही, असं काहीतरी म्हणाले होते ना अध्यक्ष?”

“बंद करून चालू करा!” शिंप्यानं सल्ला दिला. वॉचमन खाली पळाला. बंद केलं, चालू केलं. आवाज नाही, दार नाही. परत केलं. नाही! तिसऱ्यांदा वकीलसाहेबच आतून म्हणाले, “तो खेळ थांबवा, मला चक्कर येतेय!”

जावईबापू जिन्यात एका पायरीवर बसले. लिफ्टचा संगणक गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होता. काखेतला लॅपटॉप घेऊन तिथे गेलं आणि त्याला वायर लावली, की झालं. त्यांनी मान वर केली.

“बाबा, मशीनच्या खोलीची किल्ली?”

“चिटणिसाकडे.”

“आणि चिटणीस?”

सगळ्यांनी काचेच्या पट्टीकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून काचेसमोर हलवला. अध्यक्षांच्या हाती किल्ली सुरक्षित नाही, असा ठराव मागच्याच सभेत त्यांनी मांडून मंजूर करून घेतला होता!

“दुसरी असेल ना?”

“असायला काय झालं!” सासरे मुलीकडे बघून म्हणाले. “दुसरी मी स्वतः ठेवलीय. हरवू नये म्हणून मशीनच्या खोलीतच, खिळ्याला!”

“दार बाहेरून उघडायचं ते तिकोनी हत्यार असतं, ते?”

“त्याच खिळ्याला.”

लिफ्टच्या मेकॅनिकला बायकोनं फोन लावला. तो म्हणाला, निघालोच. मेकॅनिक निघालोच म्हणाला, की तो अजून चपला शोधत असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“वकीलसाहेब,” जावईबापू दारापाशी वाकून गोड आवाजात म्हणाले, “दाराखाली फट आहे. किल्ली तेवढी सरकवा ना.”

“सरकवतो की! का नाही सरकवणार? पण आधी अध्यक्षांनी सर्वांसमक्ष माझी माफी मागावी.”

“मी? याची?” सासऱ्यांनी कोटाची बटणं लावली, तलवार उपसावी तशी. “आधी बाहेर ये म्हणावं! बंद दाराशी बोलायची मला सवय नाही!”

“माफी मागितल्याशिवाय किल्ली नाही!”

“बाहेर आल्याशिवाय माफी नाही!”

“अहो, पण किल्लीशिवाय ते बाहेर कसे येतील?” सासूबाई म्हणाल्या.

“तो त्यांचा प्रश्न!”

जावईबापूंनी खिशातून फोन काढला. त्यांनी मॅडमना फोन लावला. बाजूला जाऊन, तोंडावर हात धरून सगळं सांगितलं.

“कोण कुणासाठी थांबलंय ते नीट सांगा,” मॅडम म्हणाल्या.

“अध्यक्ष म्हणतात, आधी वकील बाहेर. वकील म्हणतात, आधी माफी...”

“लिफ्टमधलं विचारतेय मी!”

“हां, लिफ्टमधलं! दार थांबलंय आवाजासाठी. ती ओळ मीच लिहिली. आवाजाच्या डब्याला हवी वीज.”

“टेबलावर कुठून दिली होती?”

“भिंतीतल्या प्लगमधून.”

“आणि लिफ्टमध्ये?”

“लिफ्टमध्ये ती पंख्या-दिव्याच्या लायनीवरून येते, आणि ती लाइन उठते...” जावईबापूंचा आवाज उतरत उतरत चपलेपर्यंत गेला. “ती लाइन उठते दार उठल्यावर. तेही मीच लिहिलं होतं. फार पूर्वी.”

“म्हणजे दार आवाजासाठी, आवाज विजेसाठी, वीज दारासाठी. गोल! मुकादम बिचारा विचारत बसणार, आणि तिघं एकमेकांकडे बोट दाखवत बसणार. काल चालू लिफ्टमध्ये घातलंत तेव्हा सगळे आधीच उठलेले होते, म्हणून चाललं. मी काय विचारलं होतं काल?”

“मेन स्विच...”

“आता ऐका. आवाजाच्या डब्याला खोटा पुरवठा दाखवा. वीज आहे, असं कागदावर सांगायचं. खरी नंतर येईलच. तो एकटा गप्प बसून उठला, की दार उठेल, दार उठलं की खरी वीज. गोल कुठेतरी तोडावा लागतो हो. एकानं तरी थापेवर विश्वास ठेवल्याशिवाय तुटत नाही.”

फोन ठेवून जावईबापू तसेच उभे राहिले. खोटा पुरवठा! लॅपटॉप तर काखेतच होता. वकिलांना हवी होती माफी. खरी तर मिळणार नव्हती. पण...

त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की बायको दचकली. लग्नाआधी तिच्या घरच्यांना ‘मला भटकायची सवय नाही’ असं सांगताना हेच हसू होतं!

“बाबा,” ते सासऱ्यांना बाजूला नेऊन म्हणाले, “खाली मेन स्विचपाशी तुम्हीच उभे राहा. अध्यक्षांशिवाय ते काम दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायचं नाही. मी वॉचमनकडून निरोप धाडीपर्यंत हलू नका!”

सासऱ्यांना हे पटलं. ते जिना उतरून गेले. जावईबापूंनी पायरीवर बसून लॅपटॉप उघडला, स्वागताच्या भाषणाचं चुकांसकट मूळ रेकॉर्डिंग काढलं, पुढचं-मागचं कापलं, हवा तो तुकडा ठेवला आणि घाईघाईनं साठवला. मग लॅपटॉपचं तोंड दाराच्या फटीशी लावून आवाज होता तेवढा मोठा केला.

“वकीलसाहेब, ऐका. अध्यक्ष काहीतरी म्हणताहेत.”

फटीतून आत सासऱ्यांचा आवाज गेला. जरासा दबलेला, पांघरुणाखालून आल्यासारखा. लाजलेल्या माणसाचा येतो अगदी तसा. “माफ करा. चुकलं माझं.”

वरच्या पायऱ्यांवर उभे असलेल्यांना लॅपटॉप दिसत नव्हता, त्यांच्या तोंडाचा आ झाला. ज्यांना दिसत होता त्यांनी तोंडात रुमाल कोंबले. सासूबाईंनी लॅपटॉपकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि मग काचेजवळ जाऊन त्या गंभीरपणे म्हणाल्या, “ऐकलंत ना, भाऊजी? स्वतःच्या तोंडानं म्हणालेत. मी शपथेवर सांगते.”

काचेतला एक डोळा ओला झाला.

“मला वाटलं नव्हतं,” वकीलसाहेब पुटपुटले. “इतकी वर्षं भांडलो. माणूस मनानं मोठा निघाला.” आणि फटीतून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत बाहेर आला!

जावईबापू गच्चीवर कसे पोचले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. खोली उघडली, वायर लावली. आवाजाच्या डब्याला खोटा पुरवठा दाखवला, ड्रायव्हर आणि त्याच्यासोबतचं सगळं गाठोडं लिफ्टमध्ये चढवलं आणि जिन्यातून खाली ओरडले, “हं! बंद करून चालू!” वॉचमननं निरोप पोचवला. तळमजल्यावर सासऱ्यांनी खटका ओढला आणि वर ढकलला.

दुसऱ्या मजल्यावर सगळे दाराकडे टक लावून उभे होते. आत कुठेतरी खट् झालं. मग लिफ्टच्या छतातून, खणखणीत, साऱ्या मजल्यावर घुमेल असा अध्यक्षांचा आवाज आला.

“माफ करा, चुकलं माझं!”

आणि मग दार बाजूला झालं. आधी आवाज, मग दार!

घाईघाईत कापलेला तो तुकडा जावईबापूंनी नेमका मूळ भाषणाच्या जागी साठवला होता, आणि गाठोड्याबरोबर तोच वर चढला होता!

वकीलसाहेब पाणसळ छातीशी धरून बाहेर आले. “दोनदा!” ते गहिवरून म्हणाले. “एकदा जातीनं येऊन, आणि परत लिफ्टमध्येसुद्धा भरून ठेवलंय! मला खाली न्या. मला बोलायचं आहे.”

खाली सभेत वकीलसाहेब उभे राहिले. सासरे कोट सावरून हल्ल्याच्या तयारीत बसले होते.

“बंधुभगिनींनो,” वकीलसाहेब म्हणाले, “जो माणूस चारचौघांत आपली चूक कबूल करतो, त्याच्याविरुद्ध मी उभा राहू शकत नाही. मी माघार घेतो. अध्यक्षांनी माझी माफी मागितली!”

“मी?” सासरे खुर्चीतून अर्धे उठले. “माफी? कोण म्हणतं? मी कधी...”

तेवढ्यात कुणीतरी बटण दाबलं असावं. लिफ्ट तळमजल्यावर आली आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशी म्हणाली, “माफ करा, चुकलं माझं!” दार उघडलं. आतून शिंपी बाहेर आला आणि कानाला हात लावून अध्यक्षांना नमस्कार करता झाला.

टाळ्यांचा कडकडाट! सासऱ्यांनी तोंड उघडलं. लोकांकडे पाहिलं. वकिलांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग अध्यक्षाच्या खुर्चीकडे पाहिलं. आणि तोंड मिटून हळूच तिच्यात बसले. निवड बिनविरोध झाली. असा नम्र अध्यक्ष आजवर झाला नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

सभा पांगल्यावर सासरे जिन्याच्या कोपऱ्यात आले. आजूबाजूला मुलगी नव्हती. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, घसा खाकरला.

“जावईबापू.”

जावईबापूंचं काळीज सशासारखं उडालं! इतक्या वर्षांची हाक! “बोला ना, बाबा!”

“ते बंद करा.”

“काय, बाबा?”

“ते... लिफ्टमधलं. माझं ते.”

“आत्ता करतो!” जावईबापू लॅपटॉप घेऊन वळले, तो समोर सासूबाई. त्या हातात विणकामाची पिशवी घेऊन लिफ्टची वाट बघत होत्या.

“आई, कुठे निघालात?”

“वर.”

“आत्ताच तर वरून आलात.”

“मग खाली येईन.” लिफ्ट आली. “माफ करा, चुकलं माझं!” म्हणाली. सासूबाईंनी मान तुकवून “असू दे, असू दे,” म्हटलं, आत गेल्या आणि दार मिटायच्या आत जावयाला बजावलं, “त्या आवाजाला हात लावलात, तर माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही!”

तेव्हापासून असं चाललंय. सासरे म्हणतात, आवाज काढल्याशिवाय मी लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही. सासूबाई म्हणतात, हे लिफ्टमध्ये येऊन एकदा प्रत्यक्ष तोंडानं म्हणाले, की मग खुशाल काढा. सासरे म्हणतात, म्हणायचा प्रश्नच नाही, आधी आवाज काढा. जी लिफ्ट आणण्यासाठी त्यांनी टेबलावर मूठ आपटली, तिच्या शेजारून ते रोज गुडघे धरून जिना चढतात, आणि प्रत्येक मजल्यावर स्वतःच्याच आवाजातली माफी ऐकतात.

जावईबापू दोघांनाही “करतो, करतो,” म्हणतात आणि ते काम रांगेत मागे सरकवतात. रांग संपली की पुन्हा विचारतील. इतक्यात संपायची नाही, याची मात्र ते काळजी घेतात; कारण हल्ली सासरे रोज जिन्यात त्यांना अडवतात आणि रोज न चुकता “जावईबापू” म्हणतात!